आमच्यानंतर

मराठी भाषेने माणसाच्या वयाला पुष्कळ नावे दिली आहेत. तान्हे, पोर, पोरसवदा, तरणाताठा, प्रौढ, उतारवयाचा, पिकले पान अशी ती चढत आणि उतरत जाते. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढांच्या निवासी संस्थांत मात्र यांतील एकच नाव वापरात असते. तेथे सारीच ‘मुले’ असतात. ‘आमची मुले पणत्या रंगवतात’, ‘मुलांची जेवणे झाली’, ‘या मुलाला मधुमेह आहे’ अशी वाक्ये तेथे सहज कानांवर पडतात. मधुमेह झालेले हे मूल बावन्न वर्षांचे असते. त्याच्या कानशिलांवरचे केस पांढरे झालेले असतात, जिना चढताना त्याचे गुडघे दुखतात. त्याच्याहून तीस वर्षांनी लहान असलेली सेविका त्याला ‘बाळा, हात धू’ म्हणते आणि तो हात धुतो.

या संबोधनात ममता आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. परक्याच्या पोटच्या गोळ्याला बाळ म्हणणे ही साधी गोष्ट नव्हे. तथापि त्या ममतेबरोबर काही गोष्टी न विचारता गृहीत धरल्या जातात. मुलाने कोणता सदरा घालावा हे मुलाला विचारायचे नसते. मुलाला पगार नसतो, खाऊ असतो. मुलाच्या कपाटाला कुलूप नसते, कारण लपवून ठेवावे असे त्याचे स्वतःचे काही असेल ही कल्पनाच कोणाच्या मनात येत नाही. मुलाचे लग्न, मुलाचे मत, मुलाला वाटणारी मरणाची भीती हे विषय निघत नाहीत. जन्मभर मूल म्हणून सांभाळला गेलेला माणूस सुखात असू शकतो. पण त्याच्या आयुष्यातील तीन-चार दशके कोणाच्याच हिशेबात आलेली नसतात.

प्रौढपणासाठी शब्द न सापडलेल्या समाजाने त्या अवस्थेसाठी मात्र शब्दामागून शब्द बदलले. खेड्यात खुळा, येडा, अर्धवट असे शब्द होते. विशेष शाळा निघाल्या तेव्हा ‘मतिमंद’ आला. तो टोचू लागल्यावर कोणी ‘गतिमंद’ म्हटले, कोणी ‘विशेष’. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी सुचवल्यानंतर ‘दिव्यांग’ हा शब्द शासकीय कागदांवर रूढ झाला. प्रत्येक नवा शब्द काही वर्षे स्वच्छ राहतो. मग तोच मैदानावर खेळणाऱ्या पोरांच्या तोंडी शिवी होऊन बसतो, आणि पुन्हा नव्याचा शोध सुरू होतो.

अशा प्रौढाच्या आईवडिलांना शब्दांचा हा वाद दुय्यम वाटतो. त्यांच्यापुढे प्रश्न एकच असतो: आमच्यानंतर याचे काय? देवापुढे हात जोडणारी कोणतीही आई लेकरासाठी औक्ष मागते. या घरांतील आई मात्र ‘देवा, याला माझ्याआधी एक दिवस ने’ असे मागते. पालकांच्या बैठकीत हे वाक्य उच्चारले गेले की कोणी दचकत नाही. आजूबाजूच्या माना हलकेच हलतात. ही आई निर्दय नसते. तिने त्या लेकराला चाळीस वर्षे भरवलेले, न्हाऊ घातलेले, फिट आल्यावर कुशीवर वळवून धरलेले असते. आपल्या हातांची जागा घेणारे दुसरे हात तिला या जगात दिसत नाहीत, इतकाच त्या प्रार्थनेचा अर्थ.

हा प्रश्न फार जुना नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. डाऊन सिंड्रोम घेऊन जन्मलेली बालके पूर्वी बहुधा आईवडिलांच्या डोळ्यांदेखत जात. त्यांच्यापैकी अनेकांच्या हृदयात जन्मतः दोष असतो, छातीचे विकार त्यांना लवकर गाठतात. अमेरिकेत १९८३ च्या सुमारासही त्यांचे सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांच्या आसपास होते. प्रतिजैविके आली, हृदयावरील शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि त्या देशांत आज ते साठीच्या घरात गेले आहे. वैद्यकाने आयुष्य दिले, पण ते आयुष्य कोठे आणि कोणाबरोबर काढायचे हे ठरवणे वैद्यकाच्या कक्षेबाहेरचे होते. त्याच काळात घरे लहान होत गेली. वाड्याच्या ओसरीवर जन्म काढणारा ‘भोळा काका’ दोन खोल्यांच्या सदनिकेत मावेनासा झाला. २०११ च्या जनगणनेने देशात या गटातील सुमारे १५ लाख माणसे मोजली. त्यांतील बहुतेकांचे घर म्हणजे आजही त्यांचे आईवडीलच होत.

जुन्या गावगाड्यात अशा माणसाला जागा होती, असे सांगितले जाते, आणि त्यात तथ्यही आहे. मराठी गद्याच्या पहाटेच त्याची एक खूण सापडते. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात होऊन गेलेल्या श्रीगोविंदप्रभूंचे चरित्र म्हाइंभटांनी सिद्ध केले. महानुभाव पंथात ते परमेश्वराचा अवतार मानले जातात. चरित्रात दिसणारे त्यांचे वागणे मात्र लोकरीतीबाहेरचे आहे. ते वाटेल त्या घरात शिरतात, हवे ते मागून खातात, मुलांसारखे खेळतात, रुसतात, रागावतात. गावकरी त्यांना वेडे म्हणतात आणि आईबापही म्हणतात. या अवतारी पुरुषाला आजच्या वैद्यकीय चौकटीत बसवणे हे अडाणीपणाचे ठरेल. चरित्रातील गाव मात्र पाहण्यासारखे आहे. ज्याचे वागणे उमजत नाही अशा माणसाला ते गाव उंबरठ्यावर अडवत नाही.

पण गावाची ही सहनशीलता सर्वांना सारखी लाभत नसे. पाणी भरू शकणारा, गुरे वळणारा, सांगितले तेवढे ओझे उचलणारा खुळा गावात खपून जाई. अंथरुणाला खिळलेला किंवा अंगावर धावून जाणारा गोठ्यात बांधला जाई. बाईमाणसाच्या वाट्याला तर याहून वाईट येई. गावाने सांभाळले असे म्हणताना कोणाला, कशाच्या बदल्यात आणि कोठे, हेही विचारावे लागते.

निवासी संस्था हे या प्रश्नाचे एक उत्तर आहे, आणि तिचा इतिहास निर्मळ नाही. न्यूयॉर्कच्या स्टेटन बेटावरील विलोब्रुक ही संस्था चार हजारांसाठी बांधलेली होती; १९६५ साली तेथे सहा हजारांहून अधिक माणसे कोंबलेली होती. रॉबर्ट केनेडी यांनी त्या वर्षी ती पाहिली आणि जाहीर संताप व्यक्त केला. तरी १९७२ मध्ये दूरचित्रवाणीचा कॅमेरा आत जाईपर्यंत उघडी, मळलेली, कण्हणारी ती शरीरे लोकांनी पाहिली नाहीत. संस्था बंद व्हायला १९८७ साल उजाडले. भारतात ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेले २८ जण जळून मेले. ते मनोरुग्ण होते, बौद्धिक अक्षमतेचे नव्हते. पण ‘येथे सांभाळतात’ एवढ्या एका शब्दावर विसंबून त्यांच्या नातलगांनीही त्यांना तेथे ठेवले होते.

दुसरीही एक परंपरा आहे. व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ कार्ल क्योनिग ज्यू कुळात जन्मले होते. नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यानंतर ते देश सोडून स्कॉटलंडला गेले, आणि १९४० मध्ये ॲबर्डीनजवळच्या कॅम्पहिल नावाच्या वास्तूत त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी अक्षम बालकांबरोबर एकत्र राहण्यास सुरुवात केली. त्याच सुमारास जर्मनीत अशा बालकांना आणि प्रौढांना शासकीय योजनेनुसार मारले जात होते. १९४१ च्या ऑगस्टपर्यंत वायुकोठड्यांत सुमारे सत्तर हजारांचा अंत झाला. कॅम्पहिलमधील बालके मोठी झाली तेव्हा त्यांच्यासाठी १९५५ साली यॉर्कशायरमधील बॉटन येथे गाव वसवण्यात आले. शेती, गोठा, भट्टी, विणकाम असे उद्योग तेथे होते. सांभाळणारे आणि सांभाळले जाणारे एकाच छताखाली राहत, एकाच पंक्तीला जेवत.

१९५९ साली डेन्मार्कने एक कायदा केला. या माणसांना इतरांसारखे आयुष्य शक्य तितके जगता यावे, हे त्याचे सूत्र होते. स्वीडनच्या बेंग्ट निर्ये यांनी दहा वर्षांनी ते उलगडून मांडले. दिवसाला लय हवी, म्हणजे सकाळी उठून कपडे करावेत आणि काम करण्याची जागा झोपण्याच्या जागेहून वेगळी असावी. आठवड्याला लय हवी, म्हणजे सुटीचा वार कामाच्या वारांहून निराळा वाटावा. वर्षालाही लय हवी. मराठी वाचकाला हे सांगावे लागू नये. पाडवा, नागपंचमी, गणपती, दिवाळी, संक्रांत यांनी बांधलेले वर्ष त्याच्या परिचयाचे असते. ज्या संस्थेत गणपतीची आरास कोणीतरी बाहेरून येऊन करून जाते आणि आतले लोक रांगेत बसून ती पाहतात, तेथे वर्ष आलेले नसते, एवढेच म्हणता येईल.

भारतात या वाटेवरची पावले उशिरा पडली. मुंबईत १९४४ मध्ये वकील या पारशी दांपत्याने आपल्या जय नावाच्या लेकीसाठी शाळा काढली, ती आजही तिच्या नावाने चालते. प्रौढांसाठीची घरे त्यानंतर पुष्कळ वर्षांनी आली, आणि त्यांतली बरीच पालकांनीच उभारली. बदलापूरचे ‘आधार’ हे पालकांच्या संघटनेतून उभे राहिले. मुळशी तालुक्यात कोळवण येथे १९९४ च्या सुमारास सुरू झालेले ‘साधना व्हिलेज’ कॅम्पहिलच्या विचाराशी नाते सांगते. बंगळूरमध्ये १९७० साली ‘आशा निकेतन’ निघाले, ते फ्रान्समध्ये १९६४ साली जाँ व्हानिए यांनी सुरू केलेल्या ‘लार्श’ या चळवळीची शाखा म्हणून. व्हानिए जगभर संत मानले गेले. २०१९ मध्ये ते वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्याच संस्थेने करवून घेतलेल्या चौकशीने त्यांनी किमान सहा स्त्रियांचे लैंगिक शोषण केल्याचे जाहीर केले. त्या स्त्रिया अक्षम नव्हत्या, तरीही संस्थेच्या घरांवर या बातमीची सावली पडलीच. घरे मात्र चालू राहिली, कारण सकाळी उठून कोणाला तरी आंघोळ घालायची होती. संस्थापकाला देवमाणूस म्हणून मोकळे होण्याची सवय मराठी समाजालाही आहे. घराची पारख संस्थापकाच्या थोरवीवरून करू नये. रात्री दोन वाजता कोणी ओले केले तर उठतो कोण आणि कोणत्या चेहऱ्याने उठतो, हे पाहावे.

अशा घरातील पहिला दिवस थोड्याफार फरकाने सर्वत्र सारखाच जातो. सत्तरी ओलांडलेले आईवडील येतात. सोबत पत्र्याची नाहीतर चाकांची बॅग असते. तिच्यात नवे टॉवेल, नावाची पट्टी शिवलेले कपडे, गोळ्यांचे पाकीट, एखादी फाटकी चादर. ती चादर आईने टाकून दिलेली नसते, कारण तिच्याशिवाय त्याला झोप येत नाही. वडील कार्यालयात बसून अनामत रक्कम, दरमहाचा खर्च, पालकत्वाचे प्रमाणपत्र यांचे कागद पुरे करतात. आई खोली पाहते. खिडकीला गज आहेत का, संडासाची कडी बाहेरून उघडते का, शेजारच्या खाटेवर कोण आहे, हे सारे ती पाहते, आणि शेवटी स्वयंपाकघरात जाऊन तेथल्या मावशींना सांगते, ‘त्याला वरणात गूळ लागतो हो.’ मावशी ‘असू दे, घालीन’ म्हणतात. करारात न लिहिलेले हेच एक कलम आई घरी घेऊन जाते. परतीच्या गाडीत दोघेही बोलत नाहीत. रात्री सवयीने तीन पाने घेतली जातात आणि एक उचलून ठेवले जाते. समाज त्यांना ‘शेवटी टाकलेच’ असे म्हणेल, ही धास्ती असतेच. पण त्याहून खोल दुखते ते आपल्याशिवाय तो जेवला असेल का, हे. दुसऱ्या दिवशी फोनवर तो जेवल्याचे कळते तेव्हा आनंदाबरोबर थोडे वाईटही वाटते.

त्या घरातील शिक्षण शाळेपेक्षा निराळे असते. तेथे अक्षरओळखीचा आग्रह बहुधा संपलेला असतो. आता शिकायचे असते ते सदऱ्याचे बटण लावणे, भात वाढून घेणे, रस्ता ओलांडणे, पाळीच्या दिवसांत स्वतःला स्वच्छ ठेवणे, आणि नको असेल तेव्हा ‘नको’ म्हणणे. यांतील प्रत्येक कृती धडधाकट माणसाला एक वाटते. शिकवणाऱ्याला ती वीस दिसावी लागते. बटण लावणे म्हणजे काठ धरणे, काज शोधणे, बटणाची कड काजात घालणे, पलीकडून चिमटीत पकडणे, ओढणे. हे तुकडे पाडण्याच्या कामाला कार्यविश्लेषण म्हणतात. त्यातील एक युक्ती विचार करण्यासारखी आहे. शिक्षक आरंभ स्वतः करतो आणि शेवट शिकणाऱ्याकडे देतो. अर्धे बाहेर आलेले बटण ओढून घेण्याचे काम तेवढे तो करतो, आणि बटण लागते. पहिल्याच दिवशी त्याने काम पुरे केलेले असते. मग शिक्षक एक पायरी मागे सरकतो. असे मागे मागे येत एके दिवशी आरंभही त्याच्या हाती येतो. अर्धवट म्हणून हिणवल्या गेलेल्या माणसाला शिकण्याच्या प्रत्येक दिवशी पूर्ततेचा अनुभव देणारी ही रीत आहे.

कार्यशाळेत हीच दृष्टी लागते. मेणबत्त्या, उदबत्त्या, कागदी पिशव्या, राख्या, पणत्या, उटणे, चिवडा, गोधड्या हे या कार्यशाळांचे नेहमीचे माल. दहा मेणबत्त्यांचा एक पुडा करायचा असतो आणि बांधणाऱ्याला दहापर्यंत मोजता येत नसते. तेव्हा सुतार लाकडी फळीवर दहा खाचा पाडून देतो. सर्व खाचा भरल्या की पुडा झाला. वजनकाट्यावर तांबडी रेघ ओढली जाते; काटा तेथे पोचला की चिवडा पुरे. अंक काढून टाकले, पण मोजणे राहिले. जे माणसाला जमत नाही ते लाकडात उतरवले, आणि त्याचे काम निर्दोष झाले. १९७० च्या दशकात अमेरिकेतील मार्क गोल्ड यांनी याच पद्धतीने, ज्यांना काहीच शिकवता येणार नाही असे ठरवले गेले होते त्यांच्याकडून पंधरा सुट्या भागांचा सायकलचा ब्रेक जुळवून घेतला. भाग क्रमाने मांडले, वर यायची बाजू रंगवली, बोलणे कमी केले. एका रीतीने जमले नाही तर दुसरी रीत पाहावी, शिकणाऱ्याला दोष देऊ नये, एवढाच त्यांचा सिद्धांत होता. शिकवणाऱ्याला मात्र तो जड जातो. नापास होण्याची जबाबदारी त्यात शिकवणाऱ्याकडे येते.

दिवाळीपूर्वी या पणत्या आणि आकाशकंदील बाजारात येतात. शहरातील सोसायट्यांत, बँकांच्या दारांत टेबले मांडली जातात. गिऱ्हाईक येते, ‘किती छान केले आहे या मुलांनी’ म्हणते, एक पुडा घेते, वरचे सुटे पैसे परत घेत नाही. त्यात वाईट काही नाही. पण पणती गळते की नाही, वात नीट बसते की नाही, हे कोणी पाहत नाही. आणि दयेपोटी विकला जाणारा माल दिवाळी सरली की कोणाला नको असतो. म्हणून जाणत्या कार्यशाळा मालाच्या कसावर कठोर असतात. ओघळलेला रंग पुसून पुन्हा लावायला लावतात. बाहेरच्या माणसाला ते निष्ठुर वाटते. रंगवणाऱ्याला मात्र ठाऊक असते की चुकीची पणती खाली राहिली आणि बरोबर असलेली टोपलीत गेली. महिन्याच्या शेवटी त्याच्या हातावर मानधन पडते. बहुधा ते शंभरांत मोजण्याइतके असते. नोटेची किंमत पुष्कळांना कळत नाही, पण ती सर्वांसमोर नाव पुकारून मिळाली आहे हे कळते. त्यातून कोणी साबण घेतो, कोणी भाचीसाठी बांगड्या. एवढे पुरेसे नाही. २००६ साली संमत झालेल्या आणि भारताने २००७ मध्ये स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय करारनाम्याने समाजात राहून, इतरांबरोबर काम करण्याचा हक्क मान्य केला आहे. २०१६ च्या कायद्याने शासकीय नोकऱ्यांतील राखीव जागांत या गटालाही वाटा दिला. कार्यशाळेची भिंत तात्पुरती असावी, अशी या कागदांची अपेक्षा आहे. पुष्कळ ठिकाणी तीच भिंत शेवटची ठरते.

कायद्याचा रस्ताही वळणांचा आहे. इंग्रजी अमदानीतील १९१२ च्या कायद्याने जन्मतः मंदबुद्धी असलेल्याला वेड्यांच्याच व्याख्येत घातले होते. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने त्याला त्या व्याख्येतून बाहेर काढले, पण जावे कोठे हे सांगितले नाही. १९९५ च्या कायद्याने त्याला अपंगांत गणले. १९९९ मध्ये राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांना आईवडिलांच्या पश्चात पालक नेमून देण्याची सोय त्यात आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीपुढे अर्ज करावा लागतो. मुलाला अठरा वर्षे पूर्ण झाली त्या दिवशीच आपले पालकत्व कायद्याने संपले होते, हे पुष्कळ आईवडिलांना पेन्शनच्या किंवा बँकेच्या खिडकीवर कळते. चाळीस वर्षे ज्याचे तोंड पुसले त्याचे आपण कोण, याचा दाखला तेथे मागितला जातो.

या दाखल्यामागे एक खरी भीती आहे: ज्याच्या वतीने दुसरा बोलतो, त्याच्यावर काहीही लादता येते. १९९४ साली पुणे जिल्ह्यातील एका शासकीय वसतिगृहातील मतिमंद तरुणींची गर्भाशये शस्त्रक्रियेने काढण्यात आली. पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही, असे कारण देण्यात आले. स्त्री-संघटनांनी आवाज उठवला, शस्त्रक्रिया थांबल्या, पण तोवर काहींच्या झाल्या होत्या. जे काम तुकडे पाडून, महिनोन्‌महिने चिकाटीने शिकवता आले असते, ते सुरीने एका तासात संपवले गेले. पंधरा वर्षांनी, २००९ मध्ये, चंडीगडच्या एका शासकीय संस्थेत बलात्कार होऊन गरोदर राहिलेल्या तरुणीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. उच्च न्यायालयाने गर्भपाताचा आदेश दिला होता. तिला मूल हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने कौल दिला. मतिमंदत्व म्हणजे मनोरुग्णता नव्हे आणि तिच्या संमतीवाचून गर्भपात करता येणार नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. ‘नको’ म्हणायला शिकवणे हा जीवनकौशल्यांतील सर्वांत अवघड धडा असतो. तो शिकलेल्या माणसाचे ‘नको’ ऐकून घेणे हा इतरांचा धडा.

ज्यांना आईवडीलच नाहीत त्यांच्यासाठी अठरावे वर्ष आणखी कठीण असते. बालगृहांचा कायदा अठराव्या वर्षी दार उघडून बाहेर जाण्यास सांगतो. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी रेल्वेस्थानकांवर, उकिरड्यांवर टाकून दिलेल्या अपंग बालकांना सांभाळले. त्यांच्या कागदपत्रांवर वडील म्हणून स्वतःचे नाव लावले, त्यांच्याकडून उजाड टेकडीवर हजारो झाडे वाढवून घेतली. अठरा वर्षांनंतर ही लेकरे जातील कोठे, असा प्रश्न घेऊन ते वर्षानुवर्षे शासनाच्या दारी गेले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हाही त्यांच्या ओठी तोच प्रश्न होता. ज्या रिद्धपुराने एका अनाकलनीय माणसाला आईबाप म्हटले, ते वझ्झरपासून फार दूर नाही. जिल्हा एकच आहे.

आता या घरांपुढे नवे वळण आले आहे. तेथील रहिवासी म्हातारे होऊ लागले आहेत. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असते, आणि अल्झायमरशी संबंधित एक महत्त्वाचे जनुक नेमके त्याच गुणसूत्रावर आहे. त्यामुळे इतरांना सत्तरीत गाठणारा विसर त्यांना पन्नाशीतच गाठतो. वीस वर्षे पणत्या रंगवणारा माणूस एके दिवशी ब्रश उलटा धरतो. फळीच्या खाचा भरल्या तरी त्याचा हात थांबत नाही. मग बटण काजापाशी येऊन अडते. आरंभ सुटतो, मधले सुटते, आणि शिक्षकाने अगदी पहिल्या दिवशी दिलेला तो शेवटचा ओढ तेवढा काही काळ बोटांत राहतो. सेविका पुन्हा आरंभ स्वतः करू लागते. या वेळी मागे सरकायचे नसते. कौशल्य हेच माणसाच्या किमतीचे माप मानणाऱ्या संस्थेला या काळात काय करावे ते समजत नाही. ज्या घराने माणसाला आधी माणूस म्हणून आणि मग कारागीर म्हणून घेतलेले असते, ते त्याची खुर्ची कार्यशाळेतच राहू देते. तो बसतो, आजूबाजूला काम चाललेले असते.

अशा घरांत काही आया एक वही देऊन ठेवतात. तिला नाव नसते. तिच्यात लिहिलेले असते: ढग गडगडले की त्याचे कान झाकावेत. चहा बशीत ओतून द्यावा. पायाला हात लावलेला खपत नाही. रडू लागला तर ‘मामा कुठे गेले’ असे विचारावे, लगेच हसतो. गोळी केळ्यातून द्यावी. फिट आली तर घाबरू नये, कुशीवर वळवावे. सुवाच्य अक्षरातील ही पाने पुढे पुढे थरथरत जातात, शाईचा रंग बदलतो आणि एका पानानंतर आईचे अक्षर थांबते. वही मात्र कोरी राहत नाही. खालच्या ओळीपासून दुसरे, वळण नसलेले, ऱ्हस्वदीर्घाची पर्वा न करणारे अक्षर सुरू होते: आता केळे खात नाही, गोळी गुळातून देते. ढगांना अजून भितो. मामांचे विचारले की हसतो. या ओळी लिहिणारी मावशी त्या आईला एकदाच भेटलेली असते, आणि ती भेट वरणातल्या गुळाविषयी झालेली असते.